शिळं पेट्रोल

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमध्ये गवत कापायचं यंत्र आता घरोघरी दिसतं. पावसाळा सरता सरता ते महिना-दोन महिने दिवसभर गुरगुरतं आणि मग पुढच्या हंगामापर्यंत पडवीच्या कोपऱ्यात लटकून राहतं. टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच, शेजारी पाण्याच्या बाटलीत आणखी लिटरभर. घाटावर हीच गत फवारणीच्या पंपाची. शहरात ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या असलेल्या स्कूटरची आणि गणपती विसर्जनानंतर मंडळाच्या खोलीत ढकललेल्या जनरेटरची. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि दोन-तीन महिन्यांनी लोक पुन्हा किका मारायला लागले, तेव्हा पेट्रोल नुसतं पडून राहिलं तरी बिघडतं, हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

अशा पेट्रोलबद्दल एक समजूत पक्की आहे: जुनं झालं, उडून गेलं, आता त्यात दम नाही. इंजिनापुरती ती बरीचशी खरी आहे. आगीच्या बाबतीत मात्र ती साफ चुकीची आहे. गाडी पेटत नाही म्हणून जे पेट्रोल आपण निकामी ठरवतो, ते काडीने तितक्याच तत्परतेने पेटतं. आणि निकामी ठरवलं की माणूस त्याच्याशी निष्काळजीपणे वागू लागतो. त्याने हात धुतो, शेकोटीवर ओततो, गटारात सोडतो. जुन्या पेट्रोलचे अपघात होतात ते इथे.

आधी ते बिघडतं कसं ते पाहू. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले ब्युटेन, पेंटेन यांसारखे हलके घटक साध्या तापमानालाही झटकन उडतात, तर जड घटक १५०-२०० अंशांना उकळतात. थंड इंजिन सुरू होतं ते हलक्या घटकांच्या जिवावर. इंजिनात पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात, आणि पहिल्या किकला पुरेशी वाफ हेच घटक देतात. झाकण सैल असलेल्या बाटलीतून किंवा हवेला खुल्या असलेल्या टाकीतून आधी जातात तेही हेच. उरतं ते पेट्रोल चालत्या, तापलेल्या इंजिनात कदाचित जळेलही, पण थंड इंजिनाला जागं करायची ताकद त्यात नसते. चोक ओढा, किक मारा, एखादी धाप लागते आणि बंद.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची, आणि जुन्या गाड्यांचं खरं नुकसान ती करते. पेट्रोलमध्ये ओलेफिन नावाचा एक गट असतो. या रेणूंमधले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला सहज सापडतात. आधी पेरॉक्साइडं तयार होतात, ती शेजारच्या रेणूंना ओढतात, साखळ्या लांबत जातात आणि शेवटी तयार होते चिकट, तपकिरी राळ. रिफायनरीत हे टाळण्यासाठी ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं घातलेली असतात आणि त्याची परीक्षाही होते. बंद पात्रात दाबाखालच्या ऑक्सिजनसोबत पेट्रोल १०० अंशांवर ठेवतात आणि ते किती वेळ तग धरतं ते मोजतात. भारतीय मानकानुसार ते किमान ३६० मिनिटं टिकलं पाहिजे. विक्रीच्या वेळी १०० मिलिलिटर पेट्रोलमध्ये राळ मोजक्या काही मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे पंपावरचं पेट्रोल स्वच्छ असतं. पुढचं सगळं आपल्या टाकीत घडतं.

कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडंसंच पेट्रोल असतं आणि ती वाटी हवेला खुली असते. ते उडून गेलं की राळ तळाशी आणि जेटमध्ये बसते. मंद गतीच्या जेटचं भोक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही बारीक असतं, ते बुजायला कितीशी राळ लागणार? मेकॅनिक ‘जेट चोक झालाय’ म्हणून फुंकणीने साफ करतो, ते हेच. एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियमांमुळे नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात अडवली जाऊ लागली, त्यामुळे नव्या गाडीत पेट्रोल थोडं सावकाश बिघडतं. गवत कापायच्या यंत्रांत, फवारणी पंपांत आणि छोट्या जनरेटरमध्ये मात्र अजून जुनाच कार्ब्युरेटर भेटतो.

उष्णता या सगळ्याला वेग देते. बंद डबा एकदा उघडला की २० अंशांच्या आसपास पेट्रोल सहाएक महिने चांगलं राहतं, ३० अंशांना तीनेक, असा ढोबळ हिशोब आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याचं काय, ते वेगळं सांगायला नको. तांब्याचा स्पर्शही ऑक्सिडीकरणाला चालना देतो, म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यात पेट्रोल ठेवू नये. बाजारात पेट्रोल टिकवायची द्रावणं मिळतात. ती ताज्या पेट्रोलमध्ये घातली तरच उपयोगी. बनून गेलेली राळ ती परत विरघळवून पेट्रोल नवं करत नाहीत, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

तिसरं कारण इथेनॉल, आणि त्याची भारतीय सुरुवात महाराष्ट्रात झाली आहे. २००१मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग झाले, त्यांतली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड होती. ऊस आणि मळी जिथे, तिथे इथेनॉल, हे ओघानेच आलं. जानेवारी २००३पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२च्या जूनपर्यंत देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३मध्ये निवडक पंपांवर २० टक्क्यांचं पेट्रोल आलं आणि २०२५मध्ये ते जवळपास सर्वत्र पोचलं.

इथेनॉल पाण्यात मिसळतं, पेट्रोल मिसळत नाही. इथेनॉल असलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेऊ शकतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा साधारण अर्धा टक्का, म्हणजे १० लिटरमागे ५० मिलिलिटर. २० टक्क्यांच्या मिश्रणात ती आणखी वर असते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन वेगळा थर धरतं. थंडीत ही मर्यादा खाली येते, त्यामुळे दिवसा नितळ दिसलेलं मिश्रण पहाटे फुटू शकतं. इंजिन पेट्रोल ओढतं ते टाकीच्या तळातून, म्हणजे नेमका हाच थर. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही इथेनॉल गेल्यामुळे उतरलेलं असतं. डबा कितीही हलवला तरी थर पुन्हा कायमचे एकजीव होत नाहीत.

मात्र सगळं खापर इथेनॉलवर फोडायची जी फॅशन आली आहे, ती मला पटत नाही. हवेतला दमटपणा झाकणाच्या बारीक छिद्रातून आत शिरून थर फुटायला बराच काळ लागतो. खरा चोर बहुधा टाकीच्या झाकणाचं जीर्ण रबर असतं, आणि त्यातून पावसात थेट आत जाणारं पाणी. उघड्यावर भिजणाऱ्या गाडीला वीस-तीस रुपयांचं नवं रबर बसवणं हे बऱ्याच चर्चेपेक्षा फायद्याचं आहे. राळ तर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्येही होतेच.

ओळखायचं कसं? काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल घेऊन, सावलीत पण उजेडात, मोकळ्यावर पाहावं. ताजं पेट्रोल नितळ असतं आणि वास तीक्ष्ण. जुनं काळपट किंवा तांबूस होतं, वास आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा येतो. तळाशी वेगळा थर किंवा धुरकटपणा दिसला तर पाणी आहे. अशी तपासणी घरात, दिव्याजवळ किंवा मोबाइल चार्जिंगला लावलेल्या टेबलावर करू नये, हे सांगावं लागतं, कारण लोक ती तिथेच करतात.

आता आगीकडे. आपल्या घरांना अनेक दशकं रॉकेलची सवय होती. स्टोव्ह, कंदील, चिमणी. रॉकेलचा ज्वलनांक ३५ अंशांच्या वर असतो, म्हणजे नेहमीच्या तापमानाला त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ नसते. म्हणून रॉकेलची बाटली स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवूनही पिढ्या निभावल्या. त्याच सवयी पेट्रोलला लावल्या की घात होतो. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे. लडाखच्या हिवाळ्यातही त्याच्यावर जळण्याजोगी वाफ असते. पेटतं ते द्रव नव्हे, ही वाफ, आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरा ओलांडते, जिन्यावरून उतरते, आणि दहा-पंधरा फुटांवरच्या ठिणगीपर्यंत पोचून तिथून आग घेऊन उगमाकडे परत येते. समई, फ्रिज, पाण्याच्या मोटरचा स्विच, पार्किंगमधली मीटरची खोली, यांतलं काहीही पुरतं.

वाफेचं हवेतलं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के या पट्ट्यात असेल तर ती पेटते. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर बारा-तेरा घनमीटर हवा या पट्ट्यात आणायला पुरतं, म्हणजे घरातली एखादी छोटी अडगळीची खोली. मोठ्या प्रमाणावर हे काय करतं ते २९ ऑक्टोबर २००९च्या संध्याकाळी जयपूरजवळ सीतापुऱ्यात दिसलं. तिथल्या इंडियन ऑइलच्या साठवण केंद्रात पाइपलाइनचं काम चालू असताना झडपेतून पेट्रोल बाहेर उसळलं. वारा जवळजवळ पडलेला होता. सव्वा तासाच्या आसपास वाफ जमिनीलगत आवारभर साचत गेली आणि मग कुठेतरी ठिणगी सापडली. ११ जणांचा जीव गेला. टाक्या विझवता येण्यासारख्या नव्हत्या, त्या जळून संपेपर्यंत आठवडा उलटून गेला.

वरच्या पट्ट्यातून एक विचित्र गोष्ट निघते. ताज्या पेट्रोलने भरलेल्या बंद डब्यात वाफ इतकी दाट असते की हवा कमी पडते, आणि डब्याच्या आत सहसा स्फोट होत नाही. जवळजवळ रिकामा डबा, तळाशी उडून उडून उरलेलं जुनं पेट्रोल, अशा वेळी मात्र आतलं मिश्रण त्या घातक पट्ट्यात येऊ शकतं. म्हणजे ‘काही उरलंच नाही त्यात’ असं म्हणून ज्या डब्याकडे दुर्लक्ष होतं, तोच जास्त धोक्याचा. रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करताना किंवा ते गॅसकटरने कापताना होणारे स्फोट याच जातीचे. पिंप कितीही कोरडं दिसो, आतला वास गेला नसेल तर ठिणगी जवळ नेऊ नये. नाकावर मात्र फार भिस्त ठेवू नये. पेट्रोलचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण काही मिनिटांत नाक सरावतं आणि वास कमी झाला असं वाटू लागतं.

शिमग्याच्या होळीत ओली लाकडं धरेनात म्हणून त्यावर पेट्रोल ओतणारे बहाद्दर गावोगाव असतात. ओतल्यापासून काडी ओढेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात वाफ माणसाच्या पायांपर्यंत पसरलेली असते. आणि निखाऱ्यावर डब्यातून धार धरली तर ज्वाला धारेवरून डब्यात चढते. भडका उडालाच तर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत पसरतं. वाळू, माती किंवा कोरड्या पावडरीचं अग्निशामक वापरावं.

साठवणुकीबद्दल आपला कायदा बराच जुना आणि बराच शहाणा आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार, २३ अंशांखाली ज्वलनांक असलेलं पेट्रोलियम ‘अ’ वर्गात येतं. विक्रीसाठी नसेल तर ते ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात: काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या कलमात प्लास्टिकचं नावही नाही. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या, १८९८ साली सुरू झालेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. खास इंधनासाठी बनवलेले जाड प्लास्टिकचे कॅन जगभर वापरले जातात आणि ते ठीक असतात. पाण्याची बाटली, दुधाची किटली किंवा फिनेलचा रिकामा कॅन यांची गोष्ट वेगळी. त्यांचं झाकण वाफ धरत नाही, भिंती पातळ असतात, आणि बाटलीतलं पिवळसर पेट्रोल एखाद्या लहान मुलाला सरबत वाटू शकतं.

चांगला डबा म्हणजे काय, हे लष्कराकडून शिकावं. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन सैन्यासाठी २० लिटरचा जो चपटा पत्र्याचा कॅन तयार झाला, तोच आज आपण जेरीकॅन म्हणून ओळखतो. दाबून घडवलेले दोन अर्धे भाग एकत्र वेल्ड केलेले. बाजूंवर फुलीसारख्या खोल खुणा, त्यामुळे उष्णतेने आतलं पेट्रोल फुगलं तर पत्र्याला हलायला जागा मिळते. झाकण तरफेचं, उघडायला पाना लागत नाही. वर तीन मुठी, एकट्याने उचला किंवा दोघांनी मिळून. मुठींखाली भरल्यावरही हवेची पोकळी उरते, त्यामुळे भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पेट्रोल नेत होतं ते पातळ पत्र्याच्या, आपल्या खाद्यतेलाच्या चौकोनी डब्यांसारख्या डब्यांतून. ट्रकच्या धक्क्यांनी त्यांचे सांधे फुटत आणि वाटेतच बरंच इंधन वाळूत जाई. शत्रूचे कॅन हाती लागले तेव्हा ब्रिटिशांनी ते जपून वापरले, आणि मग तसेच बनवायला घेतले.

ती हवेची पोकळी घरगुती वापरातही हवीच. २० लिटर पेट्रोल २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापलं तर जवळजवळ ४०० मिलिलिटरने फुगतं. काठोकाठ भरलेला डबा पहाटे ठीक असतो आणि दुपारी पाझरतो. फार रिकामा ठेवला तर हवा जास्त आणि राळ लवकर. भरताना डबा जमिनीवर ठेवावा. स्कूटरच्या पायठेवणीवर किंवा गाडीच्या डिकीतल्या रबरी चटईवर ठेवून भरू नये. वाहणाऱ्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते, आणि डबा जमिनीला टेकलेला असला, नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं असलं की तिला वाट मिळते. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलच्या चतुर्थांशाएवढी ऊर्जा पुरते. बोटाला जाणवणारा चटका त्याहून मोठा असतो. ठेवायची जागा राहत्या घरापासून वेगळी, सावलीची, आणि हवा जायला खाली जमिनीलगत झरोका असलेली असावी.

टाकीतून पेट्रोल काढताना तोंडाने नळी ओढायची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला कौशल्य समजतात. गिळलेल्या पेट्रोलपेक्षा श्वासनलिकेत गेलेला घोट भयंकर. पेट्रोल पातळ असतं, फुप्फुसात चटकन पसरतं आणि रासायनिक न्यूमोनिया करतं, तोही काही वेळा काही तासांनी. कोणी पेट्रोल गिळलं तर उलटी करवू नये, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नये, कारण उलटीत तेच पुन्हा फुप्फुसाकडे जाऊ शकतं. माणूस बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्यावं. हातपंपाची नळी शे-दोनशे रुपयांत मिळते. पेट्रोलने हात धुणंही सोडून द्यावं. त्यात एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं, आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

मग बिघडलेल्या पेट्रोलचं करायचं काय? नुसतं जुनं असेल, रंग फारसा बदललेला नसेल, पाण्याचा थर नसेल, तर एका भागात चार-पाच भाग ताजं मिसळून एखाद्या दणकट कार्ब्युरेटरच्या इंजिनात जाळून टाकता येतं. महागड्या इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग नको. काळं पडलेलं किंवा फुटलेलं असेल तर आपल्याकडे सोपं उत्तर नाही. पंपवाले ते परत घेत नाहीत. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा वेगळा घेण्याची जबाबदारी नगरपालिका-महापालिकांवर टाकली. मोठ्या शहरात तरी आधी तिथे विचारावं. मोठ्या गॅरेजमधून काही वेळा सोय होते. जळक्या ऑइलच्या पिंपात मात्र ते न सांगता ओतू नये. त्या ऑइलचा ज्वलनांक त्याने पार खाली येतो आणि पुढे ते हाताळणाऱ्याला पत्ता नसतो.

गटार हा मार्ग तर नाहीच. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ला रस्ते मैलोन् मैल उलटे फाटले आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची पाइप पोलादी पेट्रोलवाहिनीला टेकली होती, तिथे गंज धरून भोक पडलं आणि पेट्रोल भूमिगत गटारात झिरपलं. लोक आधी काही दिवस गटारातून वास येतो अशी तक्रार करत होते. आपल्या अर्ध्या बाटलीने शहर उडणार नाही, पण सोसायटीच्या बंदिस्त गटाराची एखादी चेंबर आणि तिच्यावर विडी ओढत उभा असलेला माणूस, एवढं पुरे. विहिरीजवळच्या मातीत ओतलेलं पेट्रोलही शेवटी पाण्यात उतरतं.

राहता राहिलं हंगामी यंत्र. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करून, उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावं, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी कोरडी होते. प्लास्टिकच्या टाकीला एवढं पुरतं. दुचाकीची टाकी पत्र्याची, ती रिकामी ठेवली तर आतून गंजते. म्हणून महिना-दीड महिन्यासाठी उभी राहणार असेल तर जवळजवळ भरून ठेवावी, कार्ब्युरेटरची असेल तर कॉक बंद करून वाटीचा खालचा स्क्रू सोडून वाटी तेवढी रिती करावी. टू-स्ट्रोक यंत्रासाठी तेल मिसळलेलं पेट्रोल लागेल तेवढंच, त्या आठवड्यापुरतं करावं. डब्यावर भरल्याची तारीख लिहायला खडू चालत नाही, पावसाळ्यात पुसला जातो. ऑइल पेंट वापरावा.